उजेडाची मात्रा

बाळाची अंघोळ झाली, धुरी-शेगडी झाली की आजी त्याला पायांवर घेऊन अंगणात कोवळ्या उन्हात बसते. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड-कुरडया पडतात, पावसाळा सरला की गाद्या-गोधड्या दोरीवर येतात. आपल्या घरात उन्हाचा उपयोग कुठे होत नाही? पण एक गंमत बघा मैत्रिणींनो. डाळ आपण मोजून घेतो, दूध मोजून घेतो, खोकल्याचं औषधसुद्धा चमच्याने मोजून देतो. ऊन मात्र कुणी मोजत नाही. ते फुकट आहे, भरपूर आहे आणि वैशाखात तर अगदी नको नको होतं.

जिथे हिवाळ्यात ऊन औषधालाही मिळत नाही, अशा ठिकाणी जन्मलेल्या एका आजारी माणसाने उजेड हे औषध आहे आणि ते मोजूनच द्यायला हवं, हे जगाला दाखवून दिलं. त्याचं नाव डॉ. नील्स रायबर्ग फिन्सेन. १९०३ साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आज अंगावरच्या पांढऱ्या डागांसाठी किंवा सोरायसिससाठी त्वचेचे डॉक्टर जे उजेडाचे उपचार देतात आणि अलीकडे ज्यासाठी काही घरांत छोटं यंत्रही आलेलं दिसतं, त्या सगळ्याचं मूळ या माणसापाशी जातं. यंत्र दुकानातून किंवा मोबाइलवरून मागवता येतं, पण त्यामागची शिस्त मागवता येत नाही. ती कशी आली, हे समजून घ्यायचं तर फिन्सेनची गोष्ट ऐकायला हवी.

नकाशात स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये, अटलांटिक समुद्रात अठरा बेटांचा एक पुंजका दिसतो. ही फेरो बेटं. तिथे डेन्मार्कची सत्ता. सतत ढग, वारा आणि पाऊस. डिसेंबरात तर दिवस जेमतेम पाच तासांचा. तोर्शाव्हन या तिथल्या मुख्य गावात १५ डिसेंबर १८६० रोजी नील्सचा जन्म झाला. वडील मूळचे आइसलंडच्या घराण्यातले, सरकारातले मोठे अधिकारी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण नील्स चार वर्षांचा असतानाच आई गेली. वडिलांनी आईच्याच नात्यातल्या मुलीशी दुसरं लग्न केलं आणि पुढे भावंडांचं गोकुळ वाढत गेलं.

शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. त्याला डेन्मार्कमधल्या एका नावाजलेल्या निवासी शाळेत घातलं होतं. तिथल्या शिक्षकांचं मत पडलं की मुलगा मनाने चांगला आहे, पण बुद्धी बेताची आणि उत्साहही कमीच. शेवटी वडिलांनी त्याला तिथून काढून आइसलंडला, रेक्याविकच्या शाळेत पाठवलं. तिथून १८८२ साली तो शालान्त परीक्षा पास झाला तेव्हा वय झालं होतं एकवीस आणि पंधरा मुलांत नंबर होता अकरावा! दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मुलांपेक्षा जास्त रडणाऱ्या आयांनी हा अकरावा नंबर जरूर लक्षात ठेवावा. हाच मुलगा पुढे डेन्मार्कचा पहिला नोबेल विजेता ठरला.

डॉक्टर व्हायचं म्हणून तो कोपनहेगनला आला आणि वर्षभरातच, १८८३च्या सुमारास, त्याच्या दुखण्याची सुरुवात झाली. सतत थकवा, अंगात रक्त कमी. पुढे कळलं की हृदय, यकृत, प्लीहा यांच्याभोवतीची आवरणं हळूहळू जाड होत जाणारा हा आजार होता. त्यावर तेव्हा इलाज नव्हता. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी जडलेलं हे दुखणं मरेपर्यंत त्याच्या सोबत राहिलं.

त्याची राहायची खोली उत्तरेकडे तोंड केलेली. तिथे ऊन येतच नसे. उन्हात जाऊन बसलं की आपल्याला बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण बरं वाटतं म्हणजे शरीरात नेमकं काय होतं, हे पुस्तकात कुठेच सापडेना. असं सांगतात की एकदा खिडकीतून त्याला समोरच्या छपरावर एक मांजर ऊन खात पडलेलं दिसलं. सावली सरकत त्याच्यापर्यंत आली की ते उठायचं आणि थोडं पुढे उन्हात जाऊन पडायचं. पुन्हा सावली आली, पुन्हा उठलं. असं मांजर तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच पाहिलंय. आपण हसून कामाला लागतो. फिन्सेनला मात्र प्रश्न पडला की या मुक्या प्राण्याला उन्हातून असं काय मिळतं, जे सावलीत मिळत नाही?

१८९० साली तो डॉक्टर झाला. विद्यापीठात शरीररचना शिकवणाऱ्या विभागात त्याला नोकरी मिळाली. डिसेंबर १८९२मध्ये त्याचं लग्न झालं. बायको इंगेबोर्ग, रिबं गावच्या बिशपची मुलगी, चोवीस वर्षांची. आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच, १८९३मध्ये, या गृहस्थाने चांगली नोकरी सोडून दिली. कशासाठी, तर उजेडाचा अभ्यास करायला! नवरा आजारी, पगार बंद आणि अभ्यास अशा गोष्टीचा, जी खिडकीतून सगळ्यांना फुकट मिळते. इंगेबोर्गच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना संसार करणाऱ्या बाईला सहज करता येईल. त्यांचा पहिला मुलगा जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी गेला. नंतर एक मुलगा आणि दोन मुली झाल्या. हा सगळा संसार नवऱ्याचं दुखणं वाढत असताना झाला.

फिन्सेनजवळ तेव्हा मोठी प्रयोगशाळा नव्हती. त्याने स्वतःच्या हातावरच प्रयोग केला. दंडाखालच्या भागावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात तीन तास कडक उन्हात धरून ठेवला. नंतर शाई धुतली, तर पट्ट्याखालची कातडी गोरीच, आणि आजूबाजूची लाल होऊन सुजलेली. काही दिवसांनी ती लाली जाऊन तिथे रापलेला रंग आला. मग त्याने तोच हात, या वेळी शाई न लावता, पुन्हा उन्हात धरला. आता उलटंच झालं. आधी गोरा राहिलेला पट्टा लाल झाला आणि रापलेली कातडी शाबूत राहिली. म्हणजे कातडीचा काळेपणा हा दोष नसून उन्हापासून वाचवणारी ढाल आहे! गोरेपणाच्या क्रीमवर पैसे घालवणाऱ्या आपल्या घरांतून ही गोष्ट मुलींना एकदा तरी सांगायला हवी.

याच प्रयोगांतून त्याला आणखी एक गोष्ट उमगली. उन्हात ऊब देणारे किरण वेगळे आणि कातडीवर परिणाम करणारे वेगळे. इंद्रधनुष्यातला तांबड्या बाजूचा उजेड गरम करतो. निळ्या-जांभळ्या बाजूचा आणि त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड कातडी लाल करतो, बदलवतो. या न दिसणाऱ्या किरणांनाच आपण अतिनील किंवा अल्ट्राव्हायोलेट म्हणतो. ऊन म्हणजे एकच एक वस्तू नव्हे, ते मिश्रण आहे. पीठ चाळून जसा कोंडा वेगळा काढावा, तसा त्यातला हवा तो भाग वेगळा काढता येईल, हे फिन्सेनने ओळखलं.

पहिल्यांदा त्याने हे ज्ञान देवीच्या रोगासाठी वापरून पाहिलं. देवीचे वण चेहऱ्यावर आणि हातांवर, म्हणजे उघड्या भागांवर, जास्त खोल राहतात असं दिसत होतं. तेव्हा रोग्याला लाल पडदे लावलेल्या खोलीत ठेवावं, म्हणजे निळे-जांभळे किरण आत येणार नाहीत, असं त्याने १८९३मध्ये सुचवलं. नॉर्वेत तसा प्रयोग झाला आणि त्याचं नावही झालं. पण पुढच्या काळात काळजीपूर्वक तपासलं तेव्हा लाल खोलीचा गुण सिद्ध झाला नाही. देवी गेली ती लसीमुळेच. मोठ्या माणसाची प्रत्येक कल्पना खरी ठरतेच असं नाही.

त्याचं खरं काम सुरू झालं ते एका वेगळ्या रोगापासून. ल्युपस व्हल्गॅरिस हे त्याचं नाव, म्हणजे कातडीचा क्षयरोग. फुप्फुसात क्षय करणारे जंतूच कातडीत शिरतात आणि बहुतेक वेळा चेहराच धरतात. नाक, गाल, ओठ हळूहळू झिजत जातात. ल्युपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. लांडग्याने लचका तोडावा तसा चेहरा दिसे, म्हणून हे नाव पडलं. युरोपच्या थंड, दाटीवाटीच्या वस्त्यांत हा रोग गरिबांत फार होता आणि त्यातही बायकांना जास्त होत असे. वर्षानुवर्षं दुखणं चाले, जीव पटकन जात नसे, पण जगणं नकोसं होई. अशा बाईला काम कोण देणार, लग्न कोण करणार? कित्येक जणी चेहऱ्यावर फडकं घेऊन घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढत. डॉक्टर जखमा खरवडत, डागत, कापत. रोग काही काळ दबे आणि पुन्हा उफाळे.

जंतू उजेडाने मरतात हे १८७७मध्येच इंग्लंडमध्ये दोघा शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. फिन्सेनने विचार केला की कातडीच्या क्षयाचे जंतू तर अगदी वरच, उजेडाच्या टप्प्यात आहेत. मग उन्हानेच का मारू नयेत? अडचण एकच. भिंगाने ऊन एकवटलं की कातडी भाजते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो ना, तसंच. म्हणून त्याने पोकळ भिंग घेतलं आणि त्यात मोरचुदापासून केलेलं निळं पाणी भरलं. पाण्याने उष्णता अडवली, निळ्या रंगाने तांबडे किरण अडवले आणि पलीकडे पडला तो थंड, निळा उजेड.

दुसरी अडचण होती रक्ताची. त्याने एका माणसाच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवला आणि पुढून उजेड टाकला. काही मिनिटं गेली तरी कागद काळा पडेना. मग पाळी दोन काचांमध्ये दाबली, इतकी की ती रक्त जाऊन पांढरी पडली. आता काही सेकंदांतच कागद काळा झाला! म्हणजे रक्तच उजेडाला अडवत होतं. उपाय साधा होता. जिथे उजेड द्यायचा तिथली कातडी दाबून धरायची.

डेन्मार्कच्या उन्हाचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने विजेच्या कार्बन दिव्याकडे मोर्चा वळवला. पण एवढी वीज आणायची कुठून? कोपनहेगनच्या वीज केंद्रातच त्याला जागा मिळाली. तिथे नोव्हेंबर १८९५मध्ये नील्स मोगेन्सेन नावाच्या अभियंत्यावर उपचार सुरू झाले. त्याच्या चेहऱ्यावर अनेक वर्षं हा रोग होता आणि सगळे इलाज थकले होते. रोज दोन-दोन तास तो यंत्रांच्या घरघराटात दिव्यासमोर बसे. काही महिन्यांत जखमा भरत आल्या. डागण्या दिल्या नाहीत, कापाकापी नाही. फक्त उजेड आणि धीर.

१८९६मध्ये कोपनहेगनमध्ये फिन्सेनची प्रकाशसंस्था उघडली. श्रीमंतांनी देणग्या दिल्या, नगरपालिका आणि सरकारनेही मदत केली. या संस्थेचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. मधोमध वर टांगलेला प्रखर दिवा. त्यातून चार दिशांना उतरणाऱ्या दुर्बिणीसारख्या चार नळ्या, त्यात स्फटिकाची भिंगं आणि गार ठेवणारं पाणी. प्रत्येक नळीखाली एक रोगी आडवा झालेला, आणि प्रत्येक रोग्यापाशी डोळ्यांना काळा चष्मा लावलेली एक परिचारिका बसलेली. स्फटिकाची एक चकती रोग्याच्या चेहऱ्यावर दाबून धरायची, हे तिचं काम. तासभर हात हलवायचा नाही. उद्या त्याच्या शेजारचा रुपयाएवढा भाग, परवा त्याच्या पुढचा. असा आख्खा चेहरा पुरा करायला महिनोन्‌महिने लागत.

नोबेलच्या यादीत या परिचारिकांची नावं नाहीत. पण ज्या चेहऱ्यांकडे बघायलाही लोक तयार नसत, त्या चेहऱ्यांवर या बाया रोज तासन्‌तास हात ठेवून बसत. उजेडाने जखम भरली हे तर खरंच. पण कुणीतरी किळस न करता आपल्या चेहऱ्याला हात लावतंय, याचाही गुण येत नसेल का? मला तरी वाटतं, येत असेल.

पहिल्या पाच वर्षांत ८०४ रोग्यांवर इथे उपचार झाले आणि त्यातले ८३ टक्के बरे झाले. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या राजघराण्यात दिली होती. या माहेरवाशिणीने १९०० साली आपल्या माहेरचा हा दिवा लंडनच्या गरीब वस्तीतल्या लंडन हॉस्पिटलला भेट दिला. पुढे ती राणी झाली. त्या रुग्णालयाच्या आवारात तिचा पुतळा उभारला, तेव्हा त्याच्या चौथऱ्यावर दिव्याखाली उपचार घेणारे रोगी कोरले गेले.

इकडे ज्याने शेकडो चेहरे उजेडात आणले, तो स्वतः मात्र खचत चालला होता. पोटात पाणी साठे, ते पुन्हा पुन्हा काढावं लागे. शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीतच गेली. पण मोजण्याची सवय सुटली नाही. आपण किती खाल्लं, किती प्यायलो याची तो वजनासकट नोंद ठेवी. शरीरात मीठ साठतं आणि त्यामुळे पाणी धरून राहतं, असं त्याला या नोंदींतून दिसलं. मग स्वतःवरच कमी मिठाच्या आहाराचा प्रयोग केला आणि १९०४मध्ये त्यावर लेख लिहिला. आज रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रोग्याला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, तेव्हा या आजारी माणसाची आठवण यावी.

१९०३चं नोबेल जाहीर झालं तेव्हा पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमला जाण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. मिळालेल्या पैशांतले ५० हजार क्रोनर त्याने आपल्या प्रकाशसंस्थेला देऊन टाकले. घरात तीन लहान मुलं आणि स्वतःच्या आयुष्याची दोरी किती उरली आहे हे ठाऊक असताना! २४ सप्टेंबर १९०४ रोजी तो गेला. वय अवघं त्रेचाळीस.

त्याच्या मागे दिवे मात्र वाढतच गेले. १९१९मध्ये बर्लिनच्या एका डॉक्टरने अतिनील दिव्याने मुलांचा मुडदूस बरा होतो, हे दाखवलं. १९२५पासून अमेरिकेत सोरायसिससाठी डांबराचं मलम आणि अतिनील दिवा असा उपचार सुरू झाला. आपल्याकडे पांढऱ्या डागांवर बावचीचं बी लावून ऊन घेण्याची रीत फार जुनी. त्या बियांत जे द्रव्य आहे त्याच जातीच्या द्रव्याची गोळी आणि अतिनील किरण यांचा जोडउपचार १९७४पासून जगभर होऊ लागला. (म्हणून घरी बावची लावून उन्हात बसू नये. त्याने कातडी भाजून फोड येतात.) क्षयावर गोळ्या-इंजेक्शनं निघाल्यावर कातडीच्या क्षयासाठी दिव्याची गरज उरली नाही. डेन्मार्कच्याच संशोधकांनी २००५मध्ये फिन्सेनची जुनी उपकरणं तपासली. भिंगांतून अतिनील किरणांतले तीव्र किरण फारसे बाहेर येत नव्हते, त्यांच्या अलीकडच्या सौम्य किरणांनीच बहुधा जंतू मारले असावेत, असं त्यांना दिसलं. उपाय खरा होता, कारण थोडं वेगळं निघालं.

१९८०च्या दशकात एक नवी नळी आली. अतिनील किरणांमधला फक्त एक अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरचा, ती देते. डॉक्टर त्याला नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात. फिन्सेनच्या चाळणीचंच हे पुढचं रूप. सोरायसिस, पांढरे डाग आणि काही प्रकारचा इसब यांवर तो आज नेहमीचा उपचार आहे. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत त्याची सोय असते. पण आठवड्यातून दोन-तीनदा, असे कित्येक महिने जायचं म्हणजे छोट्या गावातल्या बाईची किती ओढाताण! एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरात द्यावी लागणारी उत्तरं. म्हणून घरच्या यंत्राचा विचार पुढे आला. हॉलंडमध्ये सोरायसिसच्या १९६ रोग्यांवर झालेल्या अभ्यासात (२००९) घरी घेतलेला उपचार दवाखान्यातल्याइतकाच गुणकारी ठरला. पण ते रोगी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, हे विसरून चालणार नाही.

घरी यंत्र आणायचा विचार असेल, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून रोगाचं निदान पक्कं करून घ्या. प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कोड नसतं. शिबा असेल, कुष्ठरोगाचा बधिर डागही असू शकतो, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. पहिली मात्रा किती सेकंदांची, दर वेळी किती वाढवायची, यंत्र अंगापासून किती अंतरावर धरायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक दिवसाआड किंवा सांगतील तसं घ्या, लागोपाठ रोज नको. डोळ्यांना यंत्राबरोबर मिळणारा चष्मा हवाच, घरातलं पोर जवळ येऊन बघत असेल तर त्याला आधी बाहेर पाठवा. ज्या भागाला रोग नाही तो झाकून ठेवा. वहीत तारीख आणि सेकंद लिहा. हलकी लाली येऊन चोवीस तासांत गेली तर ठीक. ती टिकली, आग झाली, फोड आला तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. लग्नकार्यात पंधरा दिवस खंड पडला तर पुन्हा जुन्याच मात्रेवर सुरू करू नका.

काही औषधांनी कातडी उजेडाला हळवी होते, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर तेही सांगा. आणि नावाचा एक घोटाळा टाळा. फिन्सेनचा ल्युपस हा कातडीचा क्षय. आज आपल्याकडे सांधे दुखणारा, गालांवर फुलपाखरासारखी लाली आणणारा जो ल्युपस अनेक बायकांना होतो, तो अगदी वेगळा आजार आहे. त्याला हे किरण अपायच करतात. तसंच करोनाच्या काळात, २०२०मध्ये, वस्तू निर्जंतुक करायला जे जांभळे दिवे विकले गेले, ते किंवा पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी अंगावर कधीही वापरू नका. ते किरण वेगळे आहेत, त्यांनी डोळे आणि कातडी भाजते.

आणि धीर हवा. डागात रंग उगवायला अनेकदा तीन-चार महिने लागतात. चेहऱ्यावर गुण लवकर दिसतो, बोटांच्या टोकांवर कमी. दहा दिवसांत काही होत नाही म्हणून वेळ दुप्पट करणं म्हणजे लवकर शिजावं म्हणून भाकरी करपवणं.

आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात अजूनही मुली शेवटी, गर्दी ओसरल्यावर, ओढणीआडून हात पुढे करतात. कोड आणि सोरायसिस संसर्गजन्य नाहीत. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने ते येत नाहीत. तरी लग्न ठरेपर्यंत डाग लपवायचा, डॉक्टरकडे गेलं तर बोभाटा होईल म्हणून जायचंच नाही, असं चालू आहे. लपवण्यात जी दोन-चार वर्षं जातात, त्यातच डाग पसरतात.

कोपनहेगनमध्ये फिन्सेनचं स्मारक आहे. मधे उभा पुरुष, दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर बसलेल्या दोन स्त्रिया, तिघांचेही हात उजेडाकडे उंचावलेले. अशी एखादी मुलगी तुमच्या घरात, शेजारात असेल तर तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. एकटीला पाठवू नका, बरोबर जा.